नातवंडांस, अनुस्वारासह

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अडुसष्ट, अविवाहित, धंद्याने मुद्रितशोधक, म्हणजे छापण्याआधी दुसऱ्यांच्या चुका काढणारी, आता निवृत्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डोळ्यांबद्दल तसे म्हणता येणार नाही, पण भिंग आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. शेजारच्या शिंपीणबाईंनी थोडा आणला, तो कशासाठी ते शेवटच्या कलमात येईल; हे वाक्य मागाहून घातले आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले असते तर त्यात खोटे लिहिले असते.

हे लिहिण्याचे कारण एकच: माझा धाकटा भाऊ. मी राहते त्या घराचा अर्धा हिस्सा एकतीस वर्षांपूर्वी त्याला मिळायला हवा होता. तो माझ्यामुळे मिळाला नाही. मध्ये काही कलमे वस्तूंची आहेत. वाचणाऱ्याला घाई असेल तर त्याने ती गाळावीत. मी मात्र क्रमाने जाणार आहे.

कलम १. घर मूळचे आमच्या मावशीआजीचे, म्हणजे आमच्या आजीच्या धाकट्या बहिणीचे. तळमजल्यावर एक खोली, वर दोन, मध्ये अरुंद जिना. आई गेल्यावर वडिलांनी दुसरा संसार थाटला आणि त्यात आम्हां दोघांची अडचण होऊ लागली, तेव्हा ती आम्हाला न्यायला आली. मी नऊ वर्षांची, भाऊ चार वर्षांचा. वडील म्हणाले, "तुम्ही एकट्या, दोघांचं कसं झेपेल?" ती म्हणाली, "माझ्याकडे दोघं मावतात. तुमच्याकडे मावत नसतील तर तुमचं घर लहान." एवढे बोलून तिने आमचे कपडे एका पिशवीत कोंबले. पिशवीचा बंद तुटला म्हणून वाटभर ती वडिलांच्या नावाने बडबडत होती, जसा काही बंद त्यांनीच तोडला.

कलम २. ती कोण होती हे लिहून ठेवते, कारण तिच्याबद्दल छापलेले कुठेच काही नाही. तिने स्वतः हजारो पानांची अक्षरे जुळवली, त्यांत तिचे नाव एकदाही आले नाही. ती छापखान्यात अक्षरे जुळवायची, तेही एकेचाळीस वर्षे. लाकडी खणांतून शिशाचा एकेक खिळा उचलायचा, उलटा लावायचा, ओळ भरायची, पान दोरीने बांधायचे. चुकलेला खिळा चिमट्याने उपसून काढायचा. छापखान्यात तिला चिमटाबाई म्हणत. हातात चिमटा असायचा म्हणून, आणि बोलताना चिमटे काढायची म्हणूनही.

मला तिने आधी उलटे वाचायला शिकवले, मग सुलटे. शाळेत मी 'क' पाठमोरा काढला तेव्हा गुरुजींनी तिला बोलावून घेतले. तिने वही पाहिली आणि म्हणाली, "आरशात बघा, अगदी बरोबर आहे." भावाला वाट चुकायची खोड होती. त्याच्या मनगटावर ती रोज सकाळी घराचा पत्ता छापून द्यायची. पुसट उमटला तर परत बोलवायची, दोनदा, तीनदा. शाळेला उशीर झाला तरी हरकत नाही, पण छपाई स्वच्छ हवी. त्याला ती टिल्लू म्हणायची. तो पुढे सहा फूट झाला तरी नाव तेच राहिले. जेवायला वाढण्याआधी ती तीन वेळा साबणाने हात धुवायची, शिशाचा अंश पोटात जाऊ नये म्हणून. तिसऱ्यांदा धुताना आम्ही दोघे मोठ्याने आकडा मोजत असू. लाड म्हणावेत असे तिने कधी केले नाहीत. ताप आला की मात्र कामावर खाडा करून उशाशी बसायची आणि आम्हाला झोप लागेपर्यंत कपाळावरचा हात काढायची नाही. मला तिच्याइतके कोणीच आवडले नाही. हे तिला सांगायचे राहून गेले.

कलम ३. जुना हिशोब, मात्र पैशाचा नव्हे. छापखाना बंद झाला त्या दिवशी मालकांनी भाषण केले आणि मावशीआजीचा उल्लेख "आमच्या मदतनीस" असा केला. एकेचाळीस वर्षांनंतर मदतनीस. ती टाळ्या वाजेपर्यंत थांबली आणि म्हणाली, "मालक, मदत तुम्ही करत होतात, काम मी." मालक आता नाहीत. त्यांच्या मुलाने माझ्या अंत्यविधीला येऊन चार शब्द बोलू नयेत, एवढीच माझी इच्छा आहे. गुपचूप येऊन बसला तर हाकलू नये.

कलम ४. वस्तू. तळमजल्यावरचे पायाने चालवायचे छोटे छपाईयंत्र, जे मालकांनी भंगारात न्यायचा खर्च परवडेना म्हणून तिला दिले, ते आणि खिळ्यांचे चारही खण मुद्रणकलेच्या शाळेला द्यावेत. अट एकच, खिळे वितळवू नयेत. यंत्र आत आणताना सहा माणसे आणि दाराची एक चौकट लागली होती. नेताना किती लागतील ते शाळेने पाहावे. बँकेत जे असेल त्यातून माझा अंत्यविधी करावा आणि उरेल ते दवाखान्यातल्या डोळ्यांच्या विभागाला द्यावे. शब्दकोश औषधाच्या दुकानदारांना. त्यांना मी साक्षीदार नेमणार होते, पण साक्षीदाराला काही घेता येत नाही असे कळले. दोहोंपैकी काय हवे ते विचारले, तर क्षणाचाही विचार न करता शब्दकोश म्हणाले.

कलम ५. आता मुद्द्याचे. मावशीआजीने आपले मृत्युपत्र स्वतः जुळवले. हाताने लिहिलेले तिला मान्य नव्हते. "हाताचं म्हणजे नुसतं बोलणं," असे ती म्हणायची. तेव्हा ती एकोणऐंशी वर्षांची होती, पाय गेलेले होते. पलंगावर फळी, फळीवर खण, असे तीन दिवस तिने काम केले. घराबद्दलचे वाक्य असे होते: माझा सांभाळ करणाऱ्या माझ्या बहिणीच्या नातवंडांस माझे राहते घर मिळावे. नातवंडांस, 'डा'वर अनुस्वार, म्हणजे अनेकवचन. नातवंडे दोनच होती. तिला न्हाऊमाखू घालणारी मी, आणि दर रविवारी येऊन तिला दोन्ही हातांवर उचलून खाली उन्हात नेणारा भाऊ. पहिले प्रूफ मी काढून वर नेले. तिने भिंगातून अक्षर न् अक्षर वाचले आणि कोपऱ्यात सही केली. ते प्रूफ या कागदाला जोडले आहे. त्यावर अनुस्वार आहे.

मग मी खाली जाऊन पक्क्या प्रती छापायला घेतल्या. अनुस्वाराचा खिळा वेगळा असतो, बाजरीच्या दाण्याएवढा. शाईच्या रुळाबरोबर तो वर आला आणि यंत्राच्या कडेला पडला. पहिली प्रत उचलली तेव्हा त्यावर 'नातवंडास' होते. एकच नातवंड. मला ते दिसले. दिसले नाही असे मी म्हणू शकत नाही, कारण दिसणे हेच माझे काम होते. चिमटा समोरच भिंतीला लटकत होता, अर्ध्या मिनिटाचे काम होते. मी उरलेल्या तीन प्रती तशाच छापल्या.

का, तेही लिहिते. मला भावाचा हेवा वाटायचा. मी आठवडाभर तिची अंथरुणे धुवायची आणि रविवारी तो जिन्यात दिसला की ती म्हणायची, "आला माझा टिल्लू, आता बरं वाटेल." त्यातच त्याचे लग्न ठरत होते. तो बायकोला घेऊन इथे येईल आणि मला एका खोलीत सरकावे लागेल असे माझ्या मनाने घेतले होते. तो तसे कधी बोलला नव्हता.

प्रती वर नेल्या. दोन साक्षीदार दाराशी उभे होते. मावशीआजीने चष्म्याकडे हात नेला आणि मग थांबली.

"तू वाचलंस ना?"

"वाचलं."

"मग मी कशाला वाचू? आण पेन."

उभ्या आयुष्यात तिने न वाचता सही केलेला तो एकच कागद. पुढच्या महिन्यात ती गेली.

कलम ६. कचेरीत मृत्युपत्र वाचले गेले. कारकुनाने ते वाक्य दोनदा वाचले आणि एकवचन आहे, म्हणजे सोबत राहणाऱ्या बाई, असा अर्थ लावला. भाऊ माझ्याकडे वळला.

"ताई, हे असंच आहे का?"

"छापलंय तसंच आहे," मी म्हणाले.

तो उठून गेला. तो लिफ्ट दुरुस्त करतो. मावशीआजीला उचलून उतरताना तोल जाऊ नये म्हणून तो जिन्याला लोखंडी कठडा बसवत होता, त्याचे सात पायऱ्यांपर्यंतचे काम झाले होते. ते पुरे करायला तो आला नाही, आणि पुन्हा कधीच आला नाही. त्याच्या लग्नाची पत्रिका आली नाही. मी चौकशी केली नाही. खाली पडलेला तो खिळा मी त्याच्या कप्प्यात टाकून दिला होता. तिथे तसे शेकड्यांनी आहेत, त्यांतला तो कोणता हे आता कोणालाच सांगता येणार नाही.

कलम ७. सबब, या घराचा अर्धा हिस्सा मी माझ्या भावास परत करते. 'देते' असे आधी लिहिले होते, ते खोडून बाजूला सही केली आहे, कारण तो त्याचाच होता. उरलेला अर्धा माझा होता. तो मात्र मी त्याला देते. त्याने घर विकले, भाड्याने दिले किंवा कुलूप लावून ठेवले तरी माझ्या आत्म्यास काही वाटणार नाही. आत्म्याला तो अधिकारच नाही.

कलम ८, मागाहून जोडलेले. वरील मजकूर सात कलमांवर संपला होता. साक्षीसाठी तो शिंपीणबाईंपुढे ठेवला. साक्षीदाराने मजकूर वाचायचा नसतो, पण त्यांनी सुईत दोरा ओवावा तसा डोळा बारीक करून सगळा वाचला.

"म्हणजे हे त्याला तुम्ही गेल्यावर कळणार?"

"मृत्युपत्र तसंच असतं."

"मग त्याने भांडायचं कोणाशी? भिंतीशी?" त्यांनी टोपण लावून पेन मला परत केले. "आधी त्याला बोलवा. तोवर माझी सही नाही, मग तुम्ही रागवा नाहीतर रुसा."

मी रागावले आणि रुसलेही. अकरा दिवसांनी फोन केला. भाऊ गुरुवारी दुपारी कामावरून परस्पर आला, हत्यारांची पिशवी खांद्याला. केस पांढरे झाले आहेत, चालताना डावा पाय ओढतो. मी हा कागद त्याच्या हातात दिला. त्याने उभ्यानेच वाचायला घेतला, पाचव्या कलमाशी खुर्ची ओढून बसला. मी ओरडा खायची तयारी करून ठेवली होती.

वाचून झाल्यावर तो म्हणाला, "घराचं राहू दे. म्हणजे मावशीआजीने मलाही त्यात धरलं होतं?"

"धरलं होतं."

"नक्की?"

"प्रूफ जोडलंय बघ, तिची सही..."

"प्रूफ नको. तू तोंडाने सांग."

मी सांगितले. दोघं असंच तिने जुळवलं होतं, तुला धरून. त्याने परत विचारले, मी परत सांगितले.

मग तो म्हणाला, "तुझ्यावर राग धरला असता तर बरं झालं असतं गं. तू होतीस, तुझ्याशी भांडता आलं असतं. मी एकतीस वर्षं तिच्यावर रुसून बसलो. पोरीला तिच्याबद्दल एक शब्द सांगितला नाही. कोणी विचारलं तर मला आजीबिजी नव्हती म्हणायचो."

मला वाटत होते, मी त्याचे अर्धे घर घेतले. घर वरच्या कलमाने परत गेले. याला कलम नाही, मी शोधून पाहिले. माफी मागितली, त्याने मान हलवली, ती होकाराची की नकाराची हे मी विचारले नाही.

भिंतीवर मावशीआजीचा एकच फोटो होता. तो त्याने स्वतःच्या हाताने उतरवला, मला न विचारता, आणि पोरीला दाखवायला घेऊन गेला. तो आता माझ्या मिळकतीत नाही. सबब त्याबद्दल या मृत्युपत्रात काही लिहिलेले नाही.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला व वाचला असून तो खरा आहे.

लिहून ठेवणार: मोठी बहीण (सही)

साक्षीदार, आमच्या समक्ष सही झाली:
१. शेजारच्या शिंपीणबाई (सही, अखेर)
२. या रस्त्याचे पोस्टमन (सही)

ठिकाण: राहते घर, वरची पुढची खोली
दिनांक: भाऊ येऊन गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवार, सकाळी अकरा