उंदराचं काम

दीपकदादा,

पोळ्या डब्यात आहेत, वरण तेवढं गरम करून घे. मी आज दीपनगरला कामावर एसटीने जातेय. बाबांची मोटारसायकल वनाभाऊंच्या गॅरेजमध्ये आहे. मी येईपर्यंत ती आणायला जाऊ नकोस.

काल नशिराबादच्या पुढे, भर हायवेवर गाडी खड्ड्यात आदळली आणि बंद पडली. मागचा ट्रक कसाबसा बाजूने निघाला. या आठवड्यातली ही तिसरी वेळ. बॅटरी नवीन, प्लग साफ, फ्यूज शाबूत. शेवटी वनाभाऊंनी सीट काढून वायरिंग तपासलं. इंजिन बंद करायच्या स्विचची वायर एका जागी सोललेली होती. धक्का बसला की उघडी तार चेसिसला टेकायची आणि इंजिन बंद व्हायचं.

मी म्हटलं, उंदराने कुरतडली असेल. तर ते म्हणाले, "ताई, हाई उंदीरनं काम नही. ब्लेडनं सोललं शे."

उंदराचं मला तूच सांगितलं होतंस, रविवारी. तेव्हा तर सीट कोणी काढलीच नव्हती. मग वायर खराब झालीय हे तुला कसं कळलं? कालपासून हाच विचार डोक्यात आहे.

आईला मी पंक्चर झालं म्हणून सांगितलंय. माझं चुकत असेल तर संध्याकाळी तसं सांग, मी माफी मागेन. आणि मी नोकरी सोडावी असं तुला वाटत असेल, तर तेही तोंडाने सांग. मी नाही म्हणेन, आपण भांडू. भांडण मला चालेल.

मेघा