सतराव्या गोलातली पिशवी

आई, काल आमच्या गारखेड्याच्या कोपऱ्यावर किराणा दुकानासमोर पुन्हा पिशव्यांची रांग लागली. गोड्या तेलाचा माल येणार नाही अशी कुणीतरी आवई उठवली आणि तासाभरात अर्धी कॉलनी तिथे जमली. ऊन असह्य झालं तसे लोक पिशव्या ठेवून सावलीला जाऊन बसले. मी पाव किलो पोहे आणायला गेलो होतो. ती पिशव्यांची ओळ दिसली आणि मी तिथूनच मागे वळलो. पोहे न घेताच घरी आलो. सूनबाई तुझी म्हणाली, "भूत बघितलंत का काय?" इतकी वर्षं तिला जे सांगितलं नाही, ते तुला सांगायला बसलोय. तू जाऊन तीस वर्षं होऊन गेली, म्हणजे आता तुझी बोलणी खायची भीती नाही. तरी अक्षर बघ कसं आलंय.

तुला आपली शहागंजातली गल्ली आठवत असेल, आणि ते रेशनचं दुकान. तू मोंढ्यात धान्य निवडायला जायचीस. दिवसभर सुपात तूर घेऊन खडे काढायचीस, संध्याकाळी केसांत भुसा घेऊन घरी यायचीस. दुकानात पामतेल आल्याची खबर लागली की कामावर जायच्या आधी तू तिथे पिशवी ठेवून जायचीस. साखरेच्या बारदानाची पिशवी, तिला तुझ्या जुन्या निळ्या लुगड्याच्या काठाचे बंद. आणि त्या पिशवीत एक दगड. सगळ्याच बाया तशा ठेवायच्या. मी एकदा म्हणालो होतो, "आई, तू मोंढ्यात खडे काढतेस आणि इथं दगड भरतेस." तू इतकी हसलीस की शेजारीण विचारायला आली. मग तू मला समजावून सांगितलंस, "पिशवीत दगड हाय तवर तिथं माणूस उभा हाय. वाऱ्यानं हलत नाय, कुणी हलवत नाय." आणि खरंच कुणी हलवत नसे. एरवी पाण्याच्या नळावर एकमेकींच्या झिंज्या धरणाऱ्या बाया त्या, पण दुसरीच्या पिशवीला कधी हात लावायच्या नाहीत.

त्या दिवाळीच्या आधीचा दिवस तू विसरली नसशील. शाळेला सुट्टी होती, म्हणून पिशवीवर लक्ष ठेवायला तू मला बसवून गेलीस. आपली पिशवी पार मागे होती आणि मला चकल्या दिसत होत्या. बाया सावलीला गेल्यावर मी पिशवी उचलली, दगडासकट, आणि सहाव्या नंबरला नेऊन ठेवली. दुपारी तू आलीस. तू रांगेकडे बघितलंस, मग माझ्याकडे.

"आपली पिशवी हितं कशी?"

मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "मी आणली. कुणी बघितलं नाय."

"कुणी कसं नाय? तू बघितलंस की."

एवढं बोलून तू पिशवी उचललीस आणि सगळ्यांच्या देखत थेट शेवटाला नेऊन ठेवलीस. मी रडकुंडीला येऊन म्हणालो, आधीच्या जागी तरी ठेव. तू म्हणालीस, "ती जागा आपुन सोडली. आता माणसाला उचलून मागं टाकायचं व्हय?" चार बायका पुढे असताना तेल संपलं. त्या दिवाळीला आपल्या घरात तळण झालं नाही. तू फुटाणे आणि चुरमुऱ्यांचा कोरडा चिवडा केलास, मी ताट सरकवलं, आणि तू समोर बसून तो चवीनं खाल्लास. "चांगला झालाय की रं," म्हणालीस. मला तेव्हा तुझा इतका राग आला होता की सांगता सोय नाही.

पुढे हीच गोष्ट मी आयुष्यभर मिरवली. बसस्टँडवर तिकिटाच्या खिडकीमागे बसून तीस वर्षं "रांगेत या, रांगेत या" असं ओरडण्यात गेली. आमदाराचा माणूस येवो की साहेबाचा मेव्हणा, मधे घुसलेल्याला मी तिकीट दिलं नाही. पोरीला ही गोष्ट शंभर वेळा सांगितली. निरोपसमारंभातही सांगितली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. बोलणाऱ्याला काय, बोलायला पैसे पडत नाहीत.

मग ती साथ आली. तुला कसं सांगू, सगळं शहर एका दिवसात बंद झालं. रस्ते मोकळे, बसस्टँड मोकळं, सकाळी दोन-तीन तास तेवढी किराणा दुकानं उघडी. दुष्काळात धान्य नव्हतं म्हणून लोक वेडे व्हायचे, ते मला समजतं. इथे लोकांच्या घरात डबे भरलेले होते आणि तरी ते वेडे झाले, हे बघून मी हादरलो. समोरच्या बंगल्यातले प्राध्यापक, गोगलगाईलाही वाट देतील असे सज्जन, त्यांनी एका बाईच्या हातातला साखरेचा पुडा ओढला. साखर मिळाली नाही तेव्हा दुकानात उरलेल्या व्हिनेगरच्या नऊ बाटल्या घेऊन घरी गेले. त्या व्हिनेगरचं त्यांनी काय केलं, देव जाणे. एक बाई मीठ संपणार म्हणून बारा पुडे घेऊन गेली. माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघेनाशी झाली होती, पिशव्यांकडे बघायची. आणि मी घरी येऊन तुझ्या सुनेला म्हणायचो, "काय लोक आहेत! लाज कशी वाटत नाही?"

सगळ्यांत मोठी तंगी पिठाची झाली. गहू होता घरोघरी, पण गिरण्या बंद. त्यामुळे तयार पिठाच्या पाकिटाला सोन्याचा भाव आला. दुकानदाराने रस्त्यावर चुन्याने गोल काढले होते, एका गोलात एक माणूस. उन्हाचा कडाका वाढला तसे लोक गोलात पिशव्या ठेवायला लागले. कुणी शिकवलं नाही, कुणी सांगितलं नाही, आपोआप तुमच्या वेळची रीत परत आली. मला किती बरं वाटलं होतं म्हणून सांगू. मी तुझी बारदानाची पिशवीच घेऊन जात असे.

त्या दिवशी माझ्या पुढच्या गोलात एक म्हातारा होता. लासूर स्टेशनकडचा. बायकोच्या दवाखान्यासाठी मुलाकडे आला आणि इथेच अडकला. मुलगा कामाच्या गावी अडकलेला, घरात हे दोघंच. दोन दिवसांत त्याची आणि माझी रांगेत ओळख झाली होती. म्हातारीला दात नाहीत, पोळी दुधात कुस्करून दिली तरच तिच्या पोटात जाते, भाताने तिचं पोट बिघडतं, हे सगळं त्याने मला सांगितलं होतं. "दोन दिस झाले, पाकीट भेटंना," तो म्हणाला. मग त्याने पिशवी गोलात ठेवली आणि म्हणाला, "म्हातारीला गोळी देऊन येतो. जरा ध्यान ठेवा, दादा."

मी म्हणालो, "जा तुम्ही निवांत. मी आहे ना."

तो मागच्या गल्लीत वळला आणि दुकानदार बाहेर आला. त्याने बोटाने गोल मोजले आणि सांगितलं, पिठाची पाकिटं सतराच आहेत, सतराव्या गोलाच्या मागचे घरी जा. सतरावा गोल म्हाताऱ्याचा. मी अठरावा. माझ्या मागचे लोक कुरकुरत निघून गेले. पुढचे सगळे पाठमोरे, दुकानाकडे बघणारे. आई, आमच्या घरात तेव्हा पिठाची दोन पाकिटं होती. निघताना बायकोने सांगितलंही होतं, "आहे की घरात, कशाला जाता?" तरीसुद्धा. त्याची पिशवी कापडी होती, रिकामी, हलकी. मी ती पायाने सरकवली. पायाने, हाताने नव्हे. ती रस्त्याकडेच्या लिंबाखाली गेली. मी एक पाऊल पुढे टाकलं आणि सतराव्या गोलात उभा राहिलो. छातीत धडधड वगैरे काही झालं नाही. याचाच मला आजही धक्का बसतो. मला वाटत होतं, असलं काही करताना माणसाला आतून कुणीतरी अडवत असेल. कुणी अडवलं नाही.

पाकीट घेऊन मी वळलो तेव्हा म्हातारा परत आला होता. लिंबाखाली उभा राहून स्वतःच्या पिशवीकडे बघत होता. दुकानदार फळी लावत होता. माझ्या हातात तुझी पिशवी, तिच्यातून पाकिटाचं पिवळं तोंड दिसत होतं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि "तुमची पिशवी..." एवढंच म्हणालो.

तो म्हणाला, "वारं लई सुटलंय आज. उडाली असंल." मग म्हणाला, "मिळालं ना तुमाला? बरं झालं."

आणि पिशवी झटकून, घडी घालून काखेत धरून तो निघून गेला. मी घरी आलो, आंघोळ केली, पाकीट पुसून फळीवर ठेवलं. रात्री जेवताना बायको म्हणाली, कसली घाई झालीये तुम्हाला, पोळी नीट चावा तरी. तिसऱ्या दिवशी मी ते पाकीट घेऊन मागच्या गल्लीत गेलो होतो, हे खरं आहे. घर कोणतं ते माहीत नव्हतं. आणि मी कुणाला विचारलं नाही, हेही तितकंच खरं आहे. गल्लीच्या तोंडाशी पाच मिनिटं उभा राहिलो आणि परत आलो. म्हातारा नंतर रांगेत दिसला नाही. म्हातारीचं काय झालं, मला ठाऊक नाही. आठवड्याभरात गिरण्या सुरू झाल्या. ते पाकीट तसंच मागे राहिलं, पावसाळ्यात त्याला जाळी धरली, आणि बायकोने ते टाकून दिलं. तेव्हापासून मी तुझी दिवाळीची गोष्ट कुणाला सांगितलेली नाही. पोरीने मागच्या वर्षी तिच्या मुलीसमोर मला सांगायला लावली तेव्हा मी खोकल्याचं निमित्त केलं.

हे पत्र कुठे टाकणार? तुझी पिशवी माळ्यावर आहे, तिच्यातच घडी करून ठेवतो. बायकोच्या हाती लागलं तर लागलं.

आता पुन्हा वाचून काढलं. वर एका ठिकाणी मी खोटं लिहिलंय, आणि तेही तुला, जिला काही लपवून उपयोग नाही. त्याची पिशवी हलकी नव्हती. पायाने सरकेल अशी तर मुळीच नव्हती. तिच्यात दगड होता, आपल्या पिशवीत असायचा तसाच, बेताचा, गोलसर. मी वाकलो, दोन्ही हातांनी तो दगड बाहेर काढला, लिंबाच्या बुडाशी ठेवला, आणि मग पिशवी त्याच्या शेजारी टाकली. वाराही नव्हता त्या दिवशी. लिंबाचं पान हलत नव्हतं. म्हातारा आला तेव्हा त्याने आधी तो दगड बघितला. मग माझे हात बघितले, त्यांना माती लागलेली होती. आणि मग तो वाऱ्याचं बोलला.