एका माणसाचं जेवण

मंगळवार, १५ मार्च २००५, एडिसन

मार्ताबाईंचा फॉर्म अजून बॅगेतच आहे. उद्या द्यायचाय. काय टिक करू?

मानसिक आजाराच्या हॉस्पिटलमधून सुटल्यापासून दोन वर्षं त्या आमच्या रिहॅब सेंटरला येताहेत. आता त्यांना स्वतःचं अपार्टमेंट हवंय. त्यासाठी आज स्वयंपाकाची टेस्ट होती. फॉर्मवर प्रश्न एकच: एका माणसाचं जेवण करता येतं का? हो की नाही?

बाईंनी पातेलंभर भात केला, काळे बीन्स केले. आठवणीने गॅस बंद केला, ओटा पुसला. आणि सेंटरमधल्या अकरा जणांना वाढलं! मी माझ्या मोडक्या स्पॅनिशमध्ये म्हटलं, "अहो, एकट्यापुरतंच करायचं होतं ना?"

त्या म्हणाल्या, "पोरी, आजारी होते तेव्हा मी एकटी जेवायचे."

सुपरवायझर म्हणते, "फॉर्मवर वन पर्सन लिहिलंय, नो टिक कर." तिचंही खोटं नाही. अशाने बाईंचं महिन्याचं सामान आठवड्यात संपेल. पण मग बरं होणं म्हणजे नक्की काय? एका माणसाचं जेवण?

निघताना बाईंनी मला डबा दिला. आत्ता उघडला, तर तिघांना पुरेल एवढा भात. मी रोज अर्धी वाटी तांदूळ लावते, मोजून, आणि टीव्हीसमोर बसून खाते.

त्या टेस्टमध्ये मी पहिली आले असते.