लढाई जेरुसलेमची, माणसं यॉर्कची

मिल्टन कीन्स, ३ मार्च २०२५

ती. स्व. कमलाकरकाकांना देवयानीचा शि. सा. न. वि. वि.

काका, फोनवर तुम्हाला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं तुम्ही मनाने जोडता, म्हणून लिहितेच आहे. शाळेत एक प्रकरण झालंय.

इतिहासाच्या तासाला मी आठवीला क्रुसेड शिकवत होते. पुस्तकात घोडे, चिलखतं, जेरुसलेम एवढंच. मला वाटलं, त्या धर्मयुद्धाने इथे काय केलं तेही सांगावं. अकराशे नव्वद साली क्रुसेडला निघायच्या तयारीत असलेले लोक आधी यॉर्कमधल्या ज्यूंवरच तुटून पडले. बायकामुलांसह ते बिचारे किल्ल्याच्या बुरुजात लपले. कित्येकांनी आतच जीव दिला. उरलेल्यांना अभय देऊन बाहेर बोलावलं आणि कापून काढलं.

एल्सी हॅलम नावाच्या मुलीला त्यानंतर झोप लागेना. तिच्या वडिलांनी तक्रार केली, की माझ्या पोरीला खुन्यांची वारस ठरवलं. तिथवर ठीक होतं. पण कुणीतरी ते फेसबुकवर टाकलं, आणि शुक्रवारी शाळेच्या गेटवर पांढऱ्या अंगरख्यांवर लाल क्रॉस रंगवून क्रुसेडच्या सैनिकांचा वेश केलेली माणसं ढाली घेऊन उभी! त्यांच्या बोर्डावर माझं नाव, तेही चुकीच्या स्पेलिंगचं.

पुढच्या गुरुवारी पालकांची मीटिंग आहे. हेडटीचर म्हणतात, तिथे माफी माग, विषय मिटेल. आमचा व्हिसा शाळेच्या स्पॉन्सरशिपवर आहे हे त्या बोलल्या नाहीत. बोलायची गरजही नव्हती. सुश्रुत म्हणतो, नवरा म्हणून नाही, मित्र म्हणून सांगतो, सॉरी म्हणून मोकळी हो. तुम्ही काय म्हणता? काकूंना नमस्कार.

तुमच्या मायेची या दिवसांत फार गरज असलेली,
देवयानी

मेडनहेड, ६ मार्च २०२५

चि. सौ. देवयानीस अनेक उ. आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. काकूला दाखवलं नाही. ती तडक गाडी काढून निघाली असती आणि तुमच्या गावचे राउंडअबाउट तिला झेपत नाहीत.

इथल्या हॉस्पिटलांत माझं आयुष्य गेलं. एका गोऱ्या पेशंटने मला हात लावू दिला नव्हता, तेव्हा मी शेजारच्या पेशंटकडे वळलो. त्यात कमीपणा मानला नाही. दुसऱ्यांच्या घरचे जुने खून पाहुण्याने कशाला उकरावेत? मुलीची झोप उडाली याबद्दल सॉरी म्हण. घडलेल्या गोष्टीबद्दल म्हणू नकोस, म्हणजे खोटंही बोलावं लागणार नाही. संध्याकाळी त्या रेडवेच्या पायवाटेने एकटी चालत जाऊ नकोस, गाडी ने. आणि जेवत जा.

तुझ्या काळजीने हैराण झालेला,
काका

मिल्टन कीन्स, १४ मार्च २०२५

ती. स्व. काकांना शि. सा. न. वि. वि.

मी सुखरूप आहे, हे आधी.

काल हॉल भरला होता. तुम्ही सांगितलंत तसंच बोलले. एल्सीला त्रास झाला याचं वाईट वाटतं, पण शिकवलं ते खरं आहे. तेवढ्यात मागचं दार उघडून गेटवरची ती माणसं आत घुसली. एकाने खुर्चीवर ढाल आपटली आणि ओरडला, आमचा इतिहास सांगणारी तू कोण, चालती हो. हेडटीचर जागीच थिजल्या. काका, मी टेबल धरून उभी होते.

मग मिस्टर हॅलम उठले. वाटलं, हेही आता त्यांना सामील. ते थेट त्या माणसापुढे जाऊन उभे राहिले. म्हणाले, तक्रार माझी, मुलगी माझी; तुमचं कोण शिकतं इथे? त्याने ढालीने ढकललं. हॅलमचा ओठ फुटला, तरी ते हलले नाहीत. मग पालकांतल्या दोघी बायका उठून त्यांच्या शेजारी गेल्या. शिव्या देत ती माणसं बाहेर पडली.

पार्किंगमध्ये मी आभार मानले, ते त्यांनी स्वीकारले नाहीत. ओठावर रुमाल धरून म्हणाले, तक्रार मागे घेणार नाही, पोरांना असलं शिकवायच्या आधी घरी कळवायला हवं होतं. ते बरोबरच आहे, काका, आणि मी तसं कबूल केलं. माझ्या नोकरीचं शाळेचं गव्हर्नर मंडळ या महिन्यात ठरवेल.

जाता जाता ते थांबले. एल्सी रोज विचारते म्हणाले, की यॉर्कात त्या लोकांना अडवायला कुणीच पुढे आलं नाही का. मी म्हटलं, मी वाचलंय त्यात तरी कुणाचं नाव नाही. मग म्हणाले, पोरीला हे कसं सांगू?

ती माणसं गेटवर अजून रेंगाळत होती, म्हणून हॅलमनी आपली गाडी माझ्या गाडीच्या पुढे घातली आणि आमच्या घराच्या वळणापर्यंत ते सोबत आले.

काकूंना आता सगळं सांगा. आशीर्वाद पाठीशी असू द्या.

तुमची,
देवयानी