गच्चीवरची खोली

१२ जानेवारी

ती. ताईस, बंड्याचा सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कान पकडतो. टेकडीखालच्या मास्तरांच्या घराचं चित्र परवा त्यांच्या भिंतीवर लागलं. माझी सवय तुला ठाऊकच आहे. घर आणि पाठचं डोंगर-आभाळ एवढंच काढायचं, मध्ये कडमडणारं सगळं गाळायचं. अंगणातलं डेरेदार झाड दाराच्या आड येत होतं, ते गाळलं. काल राहिलेले ब्रश आणायला गेलो, तर अंगणात झाडच नाही! तोडलेलं नाही गं, बुंधा नाही की खड्डा नाही, नुसतं गवत. मास्तर म्हणाले, इथे झाड होतंच कधी? पण माझ्या कच्च्या वहीत ते आहे.

तुमच्या घराचं चित्र पार्सलने पाठवलंय. पोचलं की कळव. भावोजींना नमस्कार.

तुझा बंड्या

१९ जानेवारी

चि. बंड्यास अ. उ. आ.

झाड हरवलं म्हणे! जेवणाखाण्याची हेळसांड केलीस की असंच होणार. चित्र पोचलं. काय देखणं काढलंयस रे! हे रविवारी खिळा ठोकून टांगणार आहेत. पण गच्चीवरची खोली कुठे गेली? चिमी फुरंगटून बसलीय. तिचा अभ्यास तिथे, झोपणं तिथे. म्हणते, मामाने मला घराबाहेर काढलं. दहा वर्षांची घोडी झाली तरी रुसायची हौस फिटत नाही. भाचीला दोन ओळी लिही.

तुझी ताई

२३ जानेवारी

ती. ताईस,

नमस्कार-चमत्कार पुढच्या पत्रात. चित्र टांगू नका. टांगलं असेल तर आधी उतरवा आणि मिळेल त्या गाडीने परत पाठवा. त्या खोलीमुळे डोंगराची रेषा तुटत होती, म्हणून मी ती गाळली. गाढव आहे मी. चिमीला खालीच झोपव, वर पाठवू नकोस. हसू नकोस ताई, तुझ्या पाया पडतो.

बंड्या

२८ जानेवारी

चि. बंड्यास अ. उ. आ.

चित्र रविवारीच टांगलं होतं. तू एवढा हट्ट धरलास म्हणून उतरवून पाठवलंय. पण ही चिमी कोण? आणि गच्चीवर खोली आम्ही कधी बांधली? आम्हाला मूलबाळ नाही, हे तुला नव्याने सांगायचं का? हे म्हणतात, मेव्हण्याला डॉक्टरकडे न्यायला हवं. मी रागावले नाही रे. पण आज जेवायला मी तीन ताटं घेतली. का घेतली ते कळेना, आणि मग उगाचच रडू कोसळलं.

तब्येत सांभाळ.

तुझी ताई

५ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न.

परत आलेल्या चित्रात गच्चीवरची खोली रंगवून पाठवतोय. खिडकीत एक मुलगी काढलीय, दोन वेण्या, निळा फ्रॉक. चेहरा आठवून आठवून काढला. काही विचारू नकोस. टांग आणि लगेच कळव.

बंड्या

१० फेब्रुवारी

चि. बंड्यास आ.

टांगलं, आणि सगळं आठवलं. आई असून पोटच्या पोरीला विसरले रे मी! धावत अंगणात गेले. वर खोली आहे, खिडकीत चिमी आहे. हाका मारल्या. ती हात हलवते, ओठ हलवते, पण आवाज येत नाही. दोघं जिन्याने गच्चीवर गेलो, तर गच्ची मोकळी, नुसतं आभाळ. खाली आलो की पुन्हा खोली आहे, चिमी आहे. ह्यांनी अंगणातून शिडी लावली. खिडकीला हात लागला, पण मागे काहीच नाही. म्हणाले, भिंत पोस्टकार्डाएवढी जाड आहे.

सकाळपासून ती रडतेय. मी अंगणातच बसून लिहितेय, तिच्या नजरेसमोरून मला हलवत नाही.

तू तिला फक्त समोरून काढलंस रे. रंग घेऊन असशील तसा ये आणि मागची बाजू काढ. लोभ आहे तसाच आहे, पण आधी ये.

तुझी ताई