ऐंशी पौंडांचं जनावर

बाबा, परवा आमच्या सबर्बमध्ये कोल्ह्यासारखा एक कायोटी दिसला म्हणून शेजाऱ्यांची फोनाफोनी झाली, आणि मला नेब्रास्कातलं ते बंदुकांचं दुकान आठवलं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. तुम्ही त्या छोट्या गावातले एकुलते एक डॉक्टर, आपलं घर गावाबाहेर, आणि आईच्या कोंबड्या एकेक करून नाहीशा होत होत्या. कुंपणापलीकडचा गुरं पाळणारा रँचर म्हणाला, कायोटीचं काम आहे. तुम्ही मान डोलावलीत, पण घरात येऊन म्हणालात, "कायोटी कसला, ह्याचाच कुत्रा आहे." त्याचा तो थोराड, पिवळसर कुत्रा मलाही आवडत नव्हता. आईला तर अख्ख्या गावाचाच संशय यायचा.

शनिवारी तुम्ही मला घेऊन दुकानात गेलात. दुकानदार तुमचा पेशंट, मोकळेपणाने सांगत होता. कायोटीला टू-ट्वेंटी-थ्रीची रायफल पुरे, खांद्याला धक्का कमी बसतो. माळावर लांबून मारायचं असेल तर ट्वेंटी-टू टू-फिफ्टी घे. तुम्ही हातातली रायफल खाली ठेवलीत. "आणि जनावर जड असेल तर? ऐंशी पौंडांचं?"

तो हसला. "डॉक, इथला कायोटी तीस-पस्तीस पौंडांचा असतो."

"समजा असेल."

मग त्याने टू-फॉर्टी-थ्री काढली, हिची गोळी जड, हरणालाही चालते म्हणाला, आणि माझ्याकडे एकदा बघितलं. तुम्ही तीच घेतलीत. गाडीत बसेपर्यंत ऐंशी पौंडांचं कोण आहे ते मला कळलं होतं.

त्यानंतर शाळेतून आले की मी आधी कुंपणापलीकडे बघते. कुत्रा दिसला की मगच दप्तर खाली ठेवते. आणि एक दिवस तो दिसत नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. रँचर येऊन आपल्या दारात उभा, टोपी डोक्यावरच. "डॉक, नवी रायफल घेतलीस म्हणे."

तुम्ही म्हणता, "तुझा कुत्रा मी मारलेला नाही." त्याने अजून कुत्र्याचा विषयही काढलेला नसतो.

तो गेल्यावर मी विचारते, "बाबा, खरं सांगा." "नाही मारला," एवढंच. आई भांडी विसळत राहते, वळून बघत नाही. त्या हिवाळ्यात आपण तिघं एकमेकांशी जपूनच बोलत होतो. रँचरची बायको ब्लडप्रेशर तपासायला दुसऱ्या गावी जायला लागली. आणि कोंबड्या तर जातच राहिल्या.

बर्फ वितळल्यावर कुत्रा सापडला, ओढ्याकाठी कुणीतरी लावून विसरलेल्या सापळ्यात. रँचर पुन्हा आला, या वेळी टोपी हातात. "डॉक, माझं चुकलं. सॉरी."

तिथे सगळं संपलं असतं. पण तुम्ही म्हणालात, "रायफल मी तुझ्या कुत्र्यासाठीच घेतली होती. एका सकाळी नेमही धरला होता. बोट ट्रिगरवर होतं. जमलं नाही."

 त्याने टोपी घातली आणि तो गेला. त्याची बायको परत कधी तुमच्या क्लिनिकमध्ये आली नाही. तो मात्र यायचा.

आई संतापली. "गप्प बसायला काय झालं होतं?"

तुम्ही म्हणालात, "दारात येऊन माफी मागत होता गं. मला ती घेता येईना."

तुम्हाला जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. हे पत्र कुठे पाठवणार, ड्रॉवरमध्येच राहील. म्हणून सांगते. मुलांना मी ही गोष्ट अभिमानाने सांगते, पण बाबा, तुमच्या जागी मी असते तर ती माफी घेतली असती, त्याला कॉफी विचारली असती, आणि तो गेल्यावर दार लावून घेतलं असतं.