दोऱ्याचं दुसरं टोक

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी परवा तुमचा राग आला आणि तो अगदी ताजा होता. आपल्या विद्यापीठाच्या कलादालनात मी आता जुन्या प्रदर्शनांचे फोटो संगणकावर चढवते, खाली माणसांची नावं लिहिते. त्यात तो फोटो निघाला. तुम्ही स्टुलावर उभ्या आणि शेजारी ती, तुमची लाडकी विद्यार्थिनी, घोडपदेवच्या चाळीतली, भिंतीशी दोरा धरून हसतेय. सगळी चित्रं एका रेषेत लागावीत म्हणून तुम्ही भिंतीवर दोरा ताणायला लावायचात. एक टोक तिच्याकडे, एक माझ्याकडे. फोटोत दोरा कडेपर्यंत जातो आणि संपतो. त्यापुढे मी होते.

"अगं, दोरा ढिला पडला, लक्ष कुठंय तुझं?" तुम्ही ओरडलात. लक्ष कुठे असणार? तुम्ही तिच्या खांद्यावर हात ठेवला होतात, तिथे. काम संपलं की आम्ही दोघी शिवाजी पार्कला तुमच्या स्वयंपाकघरात. तव्यावरचं पहिलं थालीपीठ, वर लोण्याचा गोळा, तिच्या ताटात. मी दोन गल्ल्या पलीकडची, घरून खाऊन येत असणार असं तुम्ही धरून चालायचात. मी मुद्दाम उपाशी यायचे, बाई. तुमचे ब्रशसुद्धा तुम्ही तिलाच दिलेत. मला म्हणालात, "तुला काय, तुझे वडील घेऊन देतील." दिले त्यांनी, चांगले महागातले दिले. मला तुमचे हवे होते. तिची परिस्थिती मला दिसत नव्हती असं नाही, पण पोटात दुखायचं ते दुखायचंच.

नावांची खात्री करून घ्यावी लागते, म्हणून तिला फोन केला. आता ती मोठी चित्रकार आहे, पण बोलणं तेच. "काय गो, आहेस कुठे? पाठव बघू फोटो!" पाठवला. लगेच तिचा फोन. "अगं, पलीकडचं टोक तुझ्या हातात ना? मग तुझं नाव टाक आधी. बाई मला दर वेळी सांगायच्या, तिच्यासारखा धर दोरा, तिचा हात हलत नाही. मला तर वैतागच यायचा तुझा!"

फोन ठेवल्यावर मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. तोंडभर कौतुक केलंत माझं, तेही तिच्याजवळ. मला एकदा सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं?

हे तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणून सांगून टाकते. फोटोखाली तुमचं नाव लिहिलंय. माझंही लिहिलंय, चौकटीबाहेर असा खुलासा करून. आणि तिच्या जागी लिहिलंय, 'एक विद्यार्थिनी, नाव उपलब्ध नाही'. उद्या बदलीन. आज राहू दे.